भूसंपर्क : निषेध, कर्तव्य आणि मर्यादा
(गोंदिया जिल्ह्यातील घरगुती पाणी तापविण्याच्या साधनांच्या संदर्भात)

१. विषयप्रवेश

विद्युत्शक्तीचा इतिहास लिहिताना अभ्यासकाची दृष्टी सामान्यतः धरणांकडे, औष्णिक केंद्रांकडे आणि उच्च दाबाच्या वाहिन्यांकडे वळते. गोंदिया जिल्ह्यापुरते पाहिले तरी हेच घडते. तिरोडा येथील औष्णिक केंद्राचे प्रत्येकी ६६० मेगावॅट क्षमतेचे पाच संच २०१२ ते २०१४ या काळात कार्यान्वित झाले आणि धान, विडी व लाख यांसाठी ओळखला जाणारा हा जिल्हा ३,३०० मेगावॅट क्षमतेच्या वीजकेंद्राचाही जिल्हा झाला. परंतु वीज आणि मनुष्यदेह यांची सर्वांत निकटची गाठ वीजकेंद्रात पडत नाही. ती घराच्या न्हाणीघरात पडते. तेथे मनुष्य अनवाणी असतो, त्याची त्वचा ओली असते, पायाखालची फरशी ओली असते आणि हात धातूच्या तोटीवर असतो. त्याच जागी पाणी तापविणारे विद्युत् साधन बसविलेले असते.

या साधनाच्या धातूच्या कवचात दोषामुळे वीज उतरली तर माणसाचे रक्षण कशाने व्हावे, या प्रश्नाला व्यवहारात एकच उत्तर दिले जाते : ‘अर्थिंग’, म्हणजेच भूसंपर्क. हे उत्तर इतके रूढ झाले आहे की त्यालाही एक इतिहास आहे, याचा विसर पडतो. भारतीय विद्युत् कायद्याने प्रथम भूसंपर्काचा निषेध केला, नंतर त्यास कर्तव्याचे रूप दिले आणि अखेरीस, काहीशा संकोचाने, केवळ भूसंपर्क पुरेसा नाही हे मान्य केले. हा त्रिविध प्रवास उलगडून दाखविणे आणि गोंदिया जिल्ह्याच्या भूमीवर त्याचा अर्थ काय होतो हे तपासणे, हा प्रस्तुत विवेचनाचा हेतू आहे. कायदा संपूर्ण देशाचा असला तरी ज्या भूमीशी ‘संपर्क’ करावयाचा ती भूमी प्रत्येक जिल्ह्याची निराळी असते. म्हणून स्थानिक दृष्टीने केलेला असा विचार अप्रस्तुत ठरू नये.

२. बंब, गुंड आणि गीझर

शीत कटिबंधातील देशांत घर तापविण्यासाठी बॉयलर असतो आणि त्याचे उष्ण पाणी नळांवाटे प्रत्येक खोलीत खेळविले जाते. महाराष्ट्रात घर तापविण्याची गरज नाही. येथे तापवावयाचे ते स्नानाचे पाणी. त्यासाठी महाराष्ट्राने जे साधन पिढ्यान्‌पिढ्या वापरले ते म्हणजे तांब्याचा बंब. मध्यभागी उभी नळी, तिच्यात कोळसा किंवा लाकडाच्या ढलप्या, भोवती पाणी आणि खाली तोटी, अशी त्याची रचना. ‘बंब’ हा शब्द पोर्तुगीज भाषेतील पंपाच्या नावावरून आला असे मानले जाते. आग विझविण्याच्या यंत्रालाही मराठीने हेच नाव दिले.

पूर्व विदर्भातील खेड्यांत मात्र बंबापेक्षा चूल आणि तिच्यावरील गुंड हीच व्यवस्था अधिक रुळलेली होती. जंगल जवळ असल्याने सरपणाची वाण नव्हती. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा ज्या भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला, तो भंडारा तर पितळी भांड्यांच्या धंद्यासाठीच प्रसिद्ध. अर्थात् तांबे-पितळेचे पाण्याचे भांडे हा या प्रदेशातील घराचा जुना अलंकार होता. जोपर्यंत त्या भांड्याखाली विस्तव होता तोपर्यंत त्याच्या धातूपासून पोळण्यापलीकडे भय नव्हते. विस्तवाच्या जागी वीज आली तेव्हा त्याच धातूचा गुण बदलला : उष्णता चांगली वाहून नेणारे तांबे वीजही तितकीच चांगली वाहून नेते.

‘गीझर’ हे नाव आइसलंडमधील उष्ण पाण्याच्या उसळत्या झऱ्यावरून घेतले गेले. बेंजामिन वॅडी मॉगन याने १८६८ मध्ये लंडन येथे गॅसवर चालणाऱ्या जलतापकाला ते दिले. पुढे इंग्रजी अंमलाबरोबर ते भारतात आले आणि विजेच्या तापकासही चिकटले. गीझरच्या बरोबरीने, आणि ग्रामीण भागात बहुधा त्याच्या आधी, विजेचा ‘रॉड’ घरात शिरला. गोंदिया हे विदर्भातील अधिक थंडीच्या ठिकाणांपैकी एक आहे. डिसेंबर-जानेवारीत येथील किमान तापमान अनेकदा दहा अंशांखाली उतरते. सरपण दुर्मीळ होत गेले आणि वीजजोडणी घरोघर पोहोचली, तेव्हा जुनी बादली आणि नवा रॉड यांची जोडी स्वाभाविकच जमली.

या दोन साधनांत एक महत्त्वाचा भेद आहे. गीझरमध्ये तापक तारेभोवती निरोधक चूर्ण आणि त्यावर धातूची नळी असते. ही नळी टाकीत आणि टाकी कवचात बंदिस्त असते. त्याचे कवच भूसंपर्काशी जोडता येते. रॉडमध्ये तापक नळी पाण्यात उघडी बुडविलेली असते आणि ज्या बादलीत ती बुडते ती बादली कोणत्याही तारेने कशाशीच जोडलेली नसते. नळीला बारीक चीर पडली की पाणी आणि धातूची बादली दोन्ही फेजच्या तारेशी एकरूप होतात. रॉडच्या नळीला तिसऱ्या तारेने भूसंपर्क दिलेला असला तरच काही संरक्षण मिळते. दोन खिळ्यांच्या प्लगमध्ये ती तिसरी तार संपुष्टातच येते.

३. निषेधाचा काळ : १९१०

भारतीय विद्युत् अधिनियम, १९१० याच्या ३४व्या कलमाचा मथळाच मुळी भूसंपर्काच्या निषेधाचा होता. विहित केलेल्या किंवा शासनाने विशेष मान्यता दिलेल्या प्रमाणाबाहेर कोणीही आपल्या विद्युत् वाहिनीचा कोणताही भाग भूमीशी जोडू देऊ नये, असा त्याचा आशय होता. आज भूसंपर्क म्हणजे सुरक्षितता असे समीकरण मनात धरून हे कलम वाचणाऱ्यास ते विचित्र वाटेल; परंतु त्याची कारणे त्या काळच्या तंत्रात सापडतात.

श्टाइनहाइल या जर्मन शास्त्रज्ञाने १८३८ मध्ये तारायंत्राच्या मंडलात परतीच्या तारेऐवजी भूमीचा उपयोग करता येतो हे दाखविले होते, आणि तेव्हापासून तारायंत्राचे जग भूमीलाच आपली दुसरी तार मानीत होते. ज्या भूमीतून संदेश जात होते तिच्यात वीज कंपन्यांनी आपले प्रबळ प्रवाह सोडावेत, हे तारखात्याला परवडणारे नव्हते. शिवाय भूमीतून भटकणाऱ्या प्रवाहांमुळे जमिनीखालील नळ क्षरण पावतात, हा अनुभवही विजेच्या ट्रामगाड्यांनी युरोप-अमेरिकेतील शहरांना दिलेला होता. म्हणून १९१० च्या कायदेकाराच्या दृष्टीने भूमी ही सार्वजनिक मालमत्ता होती आणि भूसंपर्क हे तिच्यावरील संभाव्य अतिक्रमण होते. संरक्षण द्यावयाचे होते ते भूमीला आणि तिच्यातील तारा-नळांना. न्हाणीघरातील मनुष्य अद्याप कायद्याच्या दृष्टिपथात आलेला नव्हता.

विजेचे तंत्र मात्र दुसऱ्या दिशेने चालले होते. संपूर्ण मंडल भूमीपासून अलिप्त ठेवले तर पहिला दोष कोणाच्या लक्षातच येत नाही, आणि दुसरा दोष उद्भवताच धोका अकस्मात् प्रकट होतो. उलट रोहित्राचा उदासीन बिंदू, म्हणजे न्यूट्रल, हेतुपूर्वक भूमीशी जोडला तर फेजची कोणतीही तार भूमीला लागताच प्रवाह वाहू लागतो आणि फ्यूज वितळण्याची शक्यता निर्माण होते. ही पद्धती सर्वत्र स्वीकारली गेली. तिचा एक अटळ परिणाम असा की, भूमीवर उभा असलेला प्रत्येक मनुष्य त्या क्षणापासून विद्युत् मंडलाच्या एका टोकाशी जोडला गेला. दुसरे टोक त्याच्या हाताला लागले की मंडल पूर्ण होते.

४. कर्तव्याचा काळ : १९५६

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेमुळे गोंदियासह तत्कालीन भंडारा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात समाविष्ट झाला. भारतीय विद्युत् नियमही त्याच १९५६ या वर्षाचे आहेत. या नियमांनी भूसंपर्काला कर्तव्याचे स्वरूप दिले. ६१व्या नियमाने तीन फेज, चार तारांच्या व्यवस्थेतील न्यूट्रल किमान दोन स्वतंत्र जोडण्यांनी भूमीशी जोडणे आवश्यक केले. विद्युत् वाहिनी किंवा उपकरण यांना आच्छादणारी धातूची कवचे भूमीशी जोडण्याचे बंधनही त्याच नियमात आले.

न्हाणीघराच्या दृष्टीने खरा महत्त्वाचा नियम ३३वा होय. ग्राहकाच्या जागेत, वीजपुरवठा जेथे सुरू होतो त्या बिंदूपाशी किंवा त्याच्या जवळ, ग्राहकाच्या उपयोगासाठी सुयोग्य भूसंपर्कित अग्र पुरविणे आणि ते सुस्थितीत राखणे हे पुरवठादाराचे कर्तव्य आहे, असे तो सांगतो. मध्यम किंवा त्याहून अधिक दाबाची जोडणी असेल तर ग्राहकाने त्याशिवाय स्वतःची स्वतंत्र भूसंपर्क व्यवस्था करावी, असे त्यास जोडून आले. या नियमांत २५० व्होल्टपर्यंतचा दाब ‘कमी दाब’ गणला जात असे. म्हणजे साध्या एक-फेज जोडणीच्या घराला हा परंतुक लागू नव्हता. केंद्रीय विद्युत् प्राधिकरणाच्या २०१० च्या विनियमांतही हीच तरतूद जवळजवळ त्याच शब्दांत राहिली. तात्पर्य, कायद्याच्या अक्षरानुसार सामान्य घराच्या भूसंपर्काचा पाया पुरवठादाराने घालावयाचा होता.

लोकव्यवहारात मात्र उलटीच समजूत दृढ झाली. घर बांधणारा स्वतःच अंगणात खड्डा खणतो, त्यात लोखंडी नळी किंवा पत्रा उभा करतो, भोवती मीठ आणि लोणारी कोळसा भरतो आणि त्या खड्ड्याला ‘अर्थिंग’ म्हणतो. खांबावरून दोन तारांनी वीज घरात येते. त्या दोन तारांबरोबर रोहित्राच्या न्यूट्रलपर्यंत जाणारा धातूचा सलग मार्ग भूसंपर्कासाठी मिळाला नाही, तर त्या घराचा दोषप्रवाह परत जाण्यास एकच मार्ग उरतो, तो म्हणजे माती. कायद्याने पुरवठादारावर टाकलेले कर्तव्य अशा रीतीने व्यवहारात अंगणातील खड्ड्याच्या गळ्यात पडले.

दुसराही एक मार्ग पूर्वी शहरांतून रूढ होता : भूसंपर्काची तार पाण्याच्या लोखंडी नळाला गुंडाळणे. नळाच्या मालकाची आणि विद्युत् निरीक्षकाची संमती असल्याखेरीज आपल्या मालकीच्या नसलेल्या जलवाहिनीचा भूसंपर्कासाठी उपयोग करू नये, असे १९५६ च्या नियमांनी स्पष्ट बजावले होते. या निर्बंधाची दूरदृष्टी पुढे प्रत्ययास आली. लोखंडी नळ काढून त्यांच्या जागी प्लास्टिकचे नळ येऊ लागले, तेव्हा नळावर विसंबलेल्या घरांचा भूसंपर्क कोणालाही न कळत नाहीसा झाला. दिवा लागत होता, पाणी तापत होते. फक्त संरक्षण उरले नव्हते.

भारतीय मानक संस्था १९४७ मध्ये स्थापन झाली. तिने भूसंपर्कासंबंधीची आचारसंहिता, मानक क्रमांक ३०४३, १९६६ मध्ये प्रसिद्ध केली. १९८७ आणि २०१८ मध्ये तिच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. नळीच्या भूअग्राची लांबी अडीच मीटरहून कमी नसावी, पत्र्याचे भूअग्र ६० सेंटिमीटर चौरसाचे असावे आणि त्याची वरची कड जमिनीखाली किमान दीड मीटर असावी, इत्यादी मापे याच संहितेमुळे सर्वश्रुत झाली. मापे लोकांच्या लक्षात राहिली; त्या मापांचा परिणाम मातीच्या गुणावर अवलंबून असतो, हे तितकेसे राहिले नाही.

५. भूमीचे गणित

जुन्या मध्यप्रांतातील जमाबंदीच्या कागदपत्रांत या भागातील जमिनींचे कन्हार, मोरंड, खर्डी, सिहार, बरडी असे वर्ग आढळतात. महसुलाच्या दृष्टीने केलेल्या या वर्गीकरणाचा एक प्रमुख आधार जमीन ओलावा किती धरते हा होता. काळी, चिकण कन्हार पाणी दीर्घकाळ धरून ठेवते. खडकाळ बरडीतून ते निघून जाते. विजेच्या दृष्टीनेही हाच गुण निर्णायक आहे, कारण मातीतून प्रवाह जातो तो मुख्यतः तिच्यातील ओलाव्याच्या आणि त्यात विरघळलेल्या क्षारांच्या आधारे. शेतकऱ्याला धानासाठी जी जमीन हवी ती वीजतंत्रज्ञालाही हवी, असे स्थूलमानाने म्हणता येईल.

एक उदाहरण घेऊन पाहता येईल. ३८ मिलिमीटर व्यासाची आणि अडीच मीटर लांबीची नळी जमिनीत उभी पुरली, तर प्रचलित सूत्रानुसार तिचा भूमीशी असलेला रोध मातीच्या विशिष्ट रोधाच्या (ओहम-मीटरमध्ये) सुमारे ०.३५ पट येतो. विशिष्ट रोध २० ओहम-मीटर असलेल्या ओल्या चिकण मातीत तो सुमारे ७ ओहम, १०० ओहम-मीटरच्या जमिनीत सुमारे ३५ ओहम, तर ५०० ओहम-मीटरच्या मुरमाड किंवा खडकाळ जमिनीत सुमारे १७७ ओहम भरतो. नळी तीच, खड्डा तोच, मजुरीही तीच. फळ मात्र पंचवीसपट निराळे.

आता २ किलोवॅटच्या गीझरमध्ये फेजची तार कवचाला लागली असे समजू. रोहित्राकडील भूसंपर्काचा रोध ५ ओहम धरला आणि घराचा ३५ ओहम, तर २३० व्होल्ट दाबाने या ४० ओहमच्या मार्गातून ५.७५ अँपिअर प्रवाह वाहील. हाच गीझर निर्दोष असताना आपल्या नित्याच्या कामासाठी सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह घेतो. म्हणजे दोषाचा प्रवाह नित्याच्या प्रवाहाहून कमी आहे. फ्यूजला प्रवाह किती हे कळते, तो कोठे जातो हे कळत नाही. त्यामुळे या प्रसंगी तो स्वस्थ राहील. गीझरचे कवच मात्र भूमीच्या तुलनेने सुमारे २०० व्होल्टवर तिष्ठत राहील, आणि तेही ‘अर्थिंग’ असताना.

उत्तम कन्हार जमिनीचे उदाहरण घेतले तरी फार फरक पडत नाही. घराचा रोध ७ ओहम धरल्यास दोषप्रवाह सुमारे १९ अँपिअर आणि कवचावरील दाब सुमारे १३५ व्होल्ट येतो. तारेचा फ्यूज आपल्या अंकित प्रवाहाच्या दीडपट ते दुप्पट प्रवाहाखेरीज त्वरेने वितळत नाही. ‘सी’ प्रकारच्या १६ अँपिअरच्या स्वयंचलित खटक्याला तत्काळ तुटण्यासाठी ८० ते १६० अँपिअर लागतात. तेवढा प्रवाह निश्चितपणे वाहावा तर संपूर्ण मार्गाचा रोध दीड ओहमहून कमी पाहिजे. हे मातीच्या मार्गाने सामान्य घराला साध्य होणारे नाही. धातूच्या सलग मार्गाने मात्र सहज साध्य होते. ३३व्या नियमाने पुरवठादाराच्या अग्राचा आग्रह का धरला असावा, हे या गणितावरून ध्यानात येते.

ऋतुमानाची बाब याहून सूक्ष्म आहे. गोंदियात मृगापासून दसऱ्यापर्यंत धानाच्या बांध्या पाण्याने भरलेल्या असतात. त्या काळात मोजलेला भूसंपर्काचा रोध समाधानकारक येतो. पीक निघाले की जमीन सुकू लागते, आणि गीझर व रॉड यांचा हंगाम नेमका त्यानंतर सुरू होतो. भूमी कोरडी होत असताना तिच्यावर विसंबण्याची गरज वाढत जाते. नवीन जोडणी देण्यापूर्वी निरोधनाची तपासणी आणि परवानाधारक ठेकेदाराचा ‘टेस्ट रिपोर्ट’ यांची तरतूद १९५६ च्या नियमांत होतीच. परंतु अशी तपासणी घराच्या स्थितीचे एका दिवसाचे चित्र देते. मातीचा रोध ऋतूंबरोबर आणि तापकाचे निरोधन वर्षांबरोबर बदलत राहते.

६. समविभव बंधनाची कल्पना

भूमी इतकी बेभरवशाची असेल तर तिच्याविना रक्षण शक्य आहे काय? या प्रश्नाचे तात्त्विक उत्तर एकोणिसाव्या शतकातच दिले गेले होते. फॅरडेने १८३६ मध्ये धातूच्या पिंजऱ्याचा प्रयोग करून दाखविला. मॅक्सवेलने १८७६ मध्ये विजेच्या कडकडाटापासून इमारतींचे रक्षण करण्याबाबत निबंध वाचला, तेव्हा त्याने असे प्रतिपादन केले की इमारत सर्व बाजूंनी परस्परांशी जोडलेल्या धातूने वेढली असेल तर तिच्या आतील माणसास भूमीशी केलेल्या जोडणीची गरजच नाही. कारण धक्का बसतो तो दाबामुळे नव्हे, दाबातील अंतरामुळे. हाताला लागणारी तोटी आणि पायाखालची भूमी एकाच दाबावर असतील तर देहातून प्रवाह वाहण्याचे कारण उरत नाही.

न्हाणीघरात या तत्त्वाचा अर्थ असा : गीझरचे कवच, धातूचे नळ, तोट्या, शॉवर आणि पाणी बाहेर नेणाऱ्या धातूच्या नळ्या परस्परांशी तांब्याच्या तारेने जोडून टाकाव्यात. यालाच समविभव बंधन म्हणतात. भूसंपर्क आणि बंधन या दोन निराळ्या गोष्टी आहेत. भूसंपर्क दोषप्रवाहाला वाट देतो. बंधन माणसाच्या दोन स्पर्शबिंदूंमधील दाबाचे अंतर पुसते.

ब्रिटनमध्ये घरगुती बॉयलरच्या प्रसारामुळे ही कल्पना व्यवहारात उतरली. तेथे बॉयलरमध्ये उद्भवलेला दोष धातूच्या नळांवाटे घरातील प्रत्येक खोलीच्या तापकापर्यंत पोहोचू शकत होता. म्हणून पाण्याचे, गॅसचे आणि तापनव्यवस्थेचे नळ मुख्य भूसंपर्क अग्राशी जोडण्यावर भर दिला गेला. विद्युत् अभियंत्यांच्या संस्थेने १८८२ पासून प्रसिद्ध केलेल्या तारजोडणीच्या नियमांच्या १९८१ च्या पंधराव्या आवृत्तीत मुख्य आणि पूरक समविभव बंधनाच्या संज्ञा ठळकपणे आल्या. २००८ च्या सतराव्या आवृत्तीत, न्हाणीघरातील सर्व मंडलांना शेषप्रवाहावर चालणारे संरक्षक साधन असेल आणि मुख्य बंधन यथास्थित असेल, तर पूरक बंधन वगळण्याची मुभा मिळाली.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. प्लास्टिकच्या नळांना बंधनाची गरज नसते. अरुंद नळातील पाण्याचा रोध धातूच्या मानाने फारच मोठा असतो. परंतु ओल्या सिमेंटची जमीन बंधनात येत नाही, आणि रॉड बुडविलेली बादली तर कधीच येत नाही. त्यामुळे बंधन हे गीझरच्या न्हाणीघराचे उत्तर आहे. अंगणातील मोरीचे नव्हे. तसेच काही ठिकाणी भूसंपर्क नाही म्हणून प्लगच्या तिसऱ्या छिद्राची तार तेथल्या तेथे न्यूट्रलला जोडून देण्याची प्रथा आढळते. ती घातक आहे. न्यूट्रलची तार मागे कोठे तुटली किंवा फेज-न्यूट्रल उलटसुलट झाले, तर कोणताही दोष नसलेल्या गीझरचे कवच पूर्ण दाबावर जाते. भूसंपर्काचा अभाव झाकण्यासाठी केलेला उपाय अभावाहून भयंकर ठरतो.

७. शेषप्रवाहाचे साधन आणि पाच किलोवॅटची रेषा

मनुष्यदेहाला किती प्रवाह घातक होतो, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या मध्यास शास्त्रशुद्ध पद्धतीने हाताळला गेला. कॅलिफोर्निया विद्यापीठातील चार्ल्स डॅलझील याने स्वयंसेवकांवर केलेल्या प्रयोगांतून असे दाखविले की हातात धरलेली तार सोडून देता येईल असा प्रवाह सरासरीने पुरुषांत सुमारे १६ आणि स्त्रियांत सुमारे १०.५ मिलीअँपिअर असतो. याहून अधिक प्रवाहाला स्नायू आकुंचन पावतात आणि मनुष्य तारेला चिकटतो. वर काढलेले ५.७५ अँपिअर आणि हे १६ मिलीअँपिअर यांची तुलना केली म्हणजे फ्यूज मनुष्याच्या रक्षणासाठी निर्मिलेलाच नाही, हे स्पष्ट होते. तो तारांचे आगीपासून रक्षण करतो.

मनुष्याच्या रक्षणासाठी प्रवाहाची राशी मोजून भागत नाही. जाणारा आणि परतणारा प्रवाह यांतील अंतर मोजावे लागते. फेजच्या तारेने जितका प्रवाह गेला तितकाच न्यूट्रलने परतला तर सर्व ठीक. कमी परतला तर उरलेला कोठेतरी भूमीत जात आहे, कदाचित् एखाद्या देहातून. या तत्त्वावर चालणारे साधन १९५० नंतरच्या दशकात ऑस्ट्रियात बीगेलमायर, दक्षिण आफ्रिकेत हेन्री रुबिन यांच्यासारख्यांच्या कामातून विकसित झाले. डॅलझीलचे अमेरिकेतील साधन १९६१ चे. अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत् संहितेने १९७५ मध्ये घरांच्या न्हाणीघरातील प्लगजोडण्यांसाठी ते आवश्यक ठरविले.

३० मिलीअँपिअरचे असे साधन बसविले तर भूमीच्या गणिताला वेगळेच वळण लागते. स्पर्शाचा दाब ५० व्होल्टच्या आत राखावयाचा असेल तर भूसंपर्काचा रोध १,६६६ ओहमपर्यंत चालू शकतो. ज्या बरडीच्या जमिनीत १७७ ओहमचा खड्डा फ्यूजच्या दृष्टीने निरर्थक होता, तोच खड्डा या साधनाच्या जोडीने पुरेसा होतो. भूसंपर्क निरुपयोगी नाही. फ्यूजच्या भरवशावर तो एकाकी पडतो, हा येथील खरा निष्कर्ष आहे.

भारतीय कायद्याने या साधनाची दखल १९५६ च्या नियमांत मागाहून घातलेल्या ६१-अ या नियमाने घेतली. परंतु पाच किलोवॅटखालील कमी दाबाच्या मांडण्या त्यातून वगळल्या होत्या, आणि २०१० च्या विनियमांनीही पाच किलोवॅटची रेषा कायम ठेवली. ही रेषा विद्युत्भाराच्या मापाने आखली गेली, धोक्याच्या मापाने नव्हे. दोन किलोवॅटचा एकच गीझर किंवा एक-दीड किलोवॅटचा रॉड असलेले लहान घर या रेषेखाली येत होते; आणि ज्या घरात जमीन ओली, तारा जुन्या व खड्डा उथळ असण्याचा संभव अधिक, ते घरही बहुधा हेच. त्यानंतरच्या सुधारणांत घरगुती जोडणीसाठी ३० मिलीअँपिअरची कमाल मर्यादा स्पष्टपणे आली. ही सुधारणा केवळ एका आकड्याची नव्हे. कायद्याने प्रथमच यंत्राऐवजी देहाचे माप प्रमाण मानले.

८. उपसंहार

१९१० च्या कायदेकाराला भूमीची चिंता होती, १९५६ च्या नियमकाराला उपकरणाच्या कवचाची होती, आणि शेषप्रवाहाच्या साधनाने ती चिंता मनुष्यदेहापर्यंत आणली. १९१० चा अधिनियम २००३ च्या विद्युत् अधिनियमाने निरसित झाला आणि ज्या तारायंत्राच्या आधारावर भूसंपर्काचा निषेध उभा होता, त्याची भारतातील सार्वजनिक सेवाही जुलै २०१३ मध्ये बंद पडली. परंतु या तीन अवस्था कायद्यात एकामागून एक आल्या असल्या तरी गावात त्या एकाच वेळी नांदत असतात. एका घरात शेषप्रवाहाचे साधन असते, शेजारच्या घरात मीठ-कोळशाचा खड्डा असतो आणि त्यापलीकडच्या घरात दोन खिळ्यांच्या प्लगला लावलेला रॉड बादलीत बुडालेला असतो.

या विवेचनातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, सामान्य घराच्या भूसंपर्काचा पाया कायद्याच्या अक्षरानुसार पुरवठादाराच्या अग्रात होता. अंगणातील खड्डा हा त्याचा पर्याय नव्हता. दुसरी, ‘अर्थिंग आहे’ हे विधान रोधाच्या आकड्याखेरीज आणि तो आकडा कोणत्या ऋतूत घेतला हे सांगितल्याखेरीज अपुरे आहे. कन्हार आणि बरडी यांत पंचवीसपटीचे अंतर पडू शकते. तिसरी, भूसंपर्क, समविभव बंधन आणि शेषप्रवाहाचे साधन हे परस्परांचे पर्याय नसून एकाच संरक्षणाचे तीन अवयव आहेत; त्यांपैकी एकावर सर्व भार टाकला की तो वाकतो.

गोंदिया जिल्ह्याच्या जमिनीचे जमाबंदीने केलेले वर्गीकरण उपलब्ध आहे. त्याच्या जोडीला प्रत्येक वर्गातील मातीचा विशिष्ट रोध पावसाळा, हिवाळा आणि उन्हाळा या तिन्ही ऋतूंत मोजून नोंदविला गेला, तर इतिहास, कृषिशास्त्र आणि विद्युत्शास्त्र यांच्या सीमेवरील एक उपयुक्त साधन अभ्यासकांच्या हाती येईल. महसुलासाठी जी माती शंभर वर्षांपूर्वी इतक्या बारकाईने पारखली गेली, ती माणसाच्या जिवासाठी पुन्हा एकदा पारखली जावी, ही अपेक्षा अवाजवी नाही.